बर्फावरच्या गजाली: बार्कोव्ह पडला, मार्नर गेला, पहाटेचा गजर लावा

मागच्या अंकात मी शेवटी एका ओळीत लिहिलेलं की एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग, तिचा २०२५-२६ चा सीझन ७ ऑक्टोबरला चालू होतोय, कोणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मला वाटलं दोन-तीन प्रश्न येतील फार तर, तर नवरात्रात मखर बघायला देवळात गेलो तिथेसुद्धा आरती संपायच्या आत एकाने गाठून टोरांटो सोडून गेलेल्या मार्नरचं काय ते विचारलं. टोपणनावं तुमची तुम्हीच दिलीत, मी तशीच ठेवलीत.

प्रश्न: काका, फ्लोरिडा पँथर्सचा कॅप्टन बार्कोव्ह कॅम्पच्या पहिल्याच दिवशी जखमी झाला. पँथर्सची स्टॅनली कपची, म्हणजे लीगच्या ट्रॉफीची, हॅट्रिक आता विसरायची ना?
– रबरी उंदीर, म्हापसा

विसरू नको रे, पण पेढेही सांगून ठेवू नको. २५ सप्टेंबरला प्रॅक्टिसमध्ये कॅप्टनचा गुडघा गेला, एसीएल आणि एमसीएल ही दोन्ही लिगामेंट, ऑपरेशन झालंय आणि सात ते नऊ महिने सांगितलेत, म्हणजे रेग्युलर सीझन तर गेलाच, फेब्रुवारीत मिलानला फिनलंडकडून ऑलिम्पिक खेळायचा होता तेही गेलं. त्यात मॅथ्यू टकाचकचं ऑपरेशन आधीच झालेलं, तो डिसेंबरच्या आत दिसत नाही.

बार्कोव्ह म्हणजे नुसते गोल मारणारा माणूस नाही. बचाव चांगला करणाऱ्या फॉरवर्डला सेल्की ट्रॉफी देतात ती त्याला तीनदा मिळालीय, म्हणजे समोरच्या टीमचा सगळ्यात डेंजर खेळाडू रोज कोणाच्या गळ्यात घालायचा हा प्रश्न आता कोचला पडणार. पण बेनेट, मार्शां, एकब्लॅड तिघंही जातील म्हणत होते ते तिघंही राहिले, राइनहार्ट आहे ज्याने जूनमध्ये एडमंटनविरुद्ध फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये एकट्याने चार गोल घातले, गोलमध्ये बॉब्रॉव्स्की आहे. टीम आहे हो. मला भीती वेगळीच वाटते, थकव्याची. २०२३ ला फायनल हरले, २०२४ आणि २०२५ ला जिंकले, म्हणजे तीन वर्षं हे लोक जूनपर्यंत खेळतायत जेव्हा बाकीचे एप्रिलातच सुट्टीवर गेलेले असतात. टॅम्पाने असंच २०२० आणि २०२१ ला कप उचलला आणि २०२२ ला परत फायनल गाठून कोलोरॅडोकडून हरले. सलग तीन किंवा जास्त शेवटचे कोणी जिंकले तर न्यूयॉर्क आयलंडर्स, १९८० ते १९८३ चार वेळा, त्यानंतर कोणालाच जमलं नाही.

आणि एक गोष्ट बरेच जण विसरतायत. आधी जखमी खेळाडूचा पगार बाजूला ठेवून त्या पैशात दुसरे घ्यायचे आणि प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, आला की हा बरा होऊन बर्फावर हजर, कारण प्लेऑफला सॅलरी कॅपच, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादाच, नसायची. यंदापासून प्लेऑफच्या मॅचलाही त्या दिवशी उतरलेल्या वीस जणांचा हिशेब कॅपमध्ये बसवावा लागणार. ती पळवाट बुजली.

(टोपणनाव कळलं नसेल त्यांच्यासाठी: १९९५ ला पँथर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये उंदीर घुसला, स्कॉट मेलनबीने तो स्टिकने भिंतीवर हाणला आणि त्याच स्टिकने त्या रात्री दोन गोल मारले. तेव्हापासून लोक बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकतात. आपण नारळ फोडतो, ते उंदीर फेकतात, ज्याची त्याची श्रद्धा.)

प्रश्न: फ्लोरिडाची हवा आपल्यासारखीच ना, घाम, दमट, पाऊस. मग तिथे बर्फ राहतो कसा? आमच्या घरी लाइट गेली की तासाभरात फ्रीजरमधून पाणी गळायला लागतं.
– मालीमची सुंगटां, पर्वरी

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण मला कोणीतरी दर वर्षी ऐकवतंच की गोव्यात बसून बर्फाचा खेळ कसला बघता. अहो, तुम्ही मालीमच्या जेटीवर मासळी घ्यायला जाता, मग उत्तर तुमच्या पायाजवळ पडलेलं असतं. त्या बर्फाच्या लाद्या कशा बनतात ते कधी बघितलंय? फॅक्टरीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी असते, त्या पाण्याला मशीनने शून्याच्या बरंच खाली थंड करतात, मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही, आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडून ठेवले की डब्यातलं पाणी गोठून लादी तयार. पँथर्स जिथे खेळतात त्या सनराइजच्या अरीनात हेच तत्त्व आहे, फक्त डब्याच्या जागी अख्खं मैदान. काँक्रीटच्या आत पाइपांचं जाळं, त्यातून थंडगार खारं पाणी फिरत राहतं, आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक मारत जातात. सगळा मिळून थर किती, तर साधारण एक इंच. दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद आणि एक इंच जाड अशी ती एकच लादी. पांढरा रंग आणि लाल-निळ्या रेषा त्या थरांच्या मध्येच मारतात, म्हणून पुसल्या जात नाहीत.

पण थंड करणं हा सोपा भाग आहे, खरी लढाई हवेतल्या ओलाव्याशी. आपल्याकडे पावसाळ्यात चपलेवर बुरशी येते, पापड सादळतात, ती तीच हवा. दारं उघडली आणि हजारो माणसं घाम घेऊन आत आली की तो सगळा ओलावा थंड बर्फावर जाऊन बसतो, वर दहिवरासारखा थर धरतो, बर्फ मऊ पडतो आणि पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, नीट घसरत नाही. म्हणून ओलावा खेचून घेणारी मोठी यंत्रं लावलेली असतात. ती नसली तर काय होतं ते १९७५ च्या फायनलमध्ये बफेलोला दिसलं. मे महिना, हॉलला एसी नाही, बर्फातून धुकं वर आलं आणि गोलीला पक दिसेना, मग मधेमधे खेळ थांबवायचा आणि माणसांनी चादरी धरून स्केटिंग करत धुकं पांगवायचं. त्याच मॅचला एक वटवाघूळ घिरट्या घालत होतं ते जिम लोरेंट्झने स्टिकने पाडलं. मॅच बफेलो ओव्हरटाइममध्ये जिंकलं.

आणि ती झांबोनी गाडी मधल्या वेळात फिरते ना, ती बर्फ खरवडून वर गरम पाणी सोडते. गरम! कारण गरम पाणी वरच्या ओरखड्यांमध्ये जरा वितळवून मुरतं आणि जुन्या बर्फाशी एकजीव होतं. आमच्या हिला हे सांगितलं तर म्हणाली, मग तुम्ही इस्त्री जरा गरम करून वापरत जा.

तर दमट गावच्या टीमने लागोपाठ दोनदा कप नेला आणि बर्फाच्या देशात, म्हणजे कॅनडात, तो १९९३ नंतर आलेलाच नाही. आपण उगाच लाजतो.

प्रश्न: टोरांटोचा मार्नर गेला. दुःख करू की पेढे वाटू?
– १९६७ पासून उपाशी, मडगाव

भावा, मी पण तुझ्याच पंगतीतला, १९६७ नंतर टोरांटोला कप नाही. माझा धाकटा भाऊ ब्रॅम्प्टनला गेला त्याने मला ही टोरांटो मेपल लीफ्सची व्याधी लावली आणि स्वतः आता म्हणतो मी बास्केटबॉल बघतो. बघ, नऊ सीझन, गेल्या वर्षी १०२ पॉइंट, आणि मे महिन्यात फ्लोरिडाविरुद्ध आपण दोन मॅच जिंकून २-० ने पुढे असताना सिरीज सातव्या मॅचपर्यंत नेऊन हरलो, त्यातल्या पाचवी आणि सातवी दोन्ही घरच्या मैदानावर ६-१. सहा-एक! दोनदा! लोकांनी जर्सी बर्फावर फेकल्या. मग टोरांटोला कळून चुकलं की हा १ जुलैला करार संपून असाच फुकट जाणार, म्हणून आठ वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर, करून लगेच व्हेगासला ट्रेड, आणि बदल्यात निकोला रुआ.

मला विचारशील तर रेग्युलर सीझनमध्ये त्याची आठवण रोज येईल. पॉवरप्लेला, म्हणजे समोरचा माणूस शिक्षा होऊन बाकावर असताना, पक जिथून कोणी देऊ शकत नाही तिथून तो द्यायचा आणि आपल्या मॅथ्यूजने नुसती स्टिक लावायची, तो पास आता कोण देणार? एकटा कोणी नाही. पण प्लेऑफला नऊ वर्षं तेच लोक, तोच शेवट, तर एकदा तरी भांडं बदलून बघावं. पेढे नको. दुःखही नको. एप्रिलला बोलू.

प्रश्न: कप्रिझोव्हला १३ कोटी ६० लाख डॉलर? वेड लागलंय का मिनेसोटाला? आणि एडमंटनचा मॅकडेव्हिड सही का करत नाही?
– कॅपचा हिशेबनीस, फोंडा

आकडा ऐकून मलाही चहा लागला घशात. ३० सप्टेंबरला सही झाली, आठ वर्षं, वर्षाला १ कोटी ७० लाख, एनएचएलमध्ये आजवर इतका मोठा करार कोणाचा नाही. पण हा पैसा पुढच्या सीझनपासून मोजायचाय. गेल्या वर्षी कॅप होती ८.८ कोटी, यंदा ९.५५ कोटी, पुढच्या वर्षी १०.४ कोटी ठरलीय. तरी एका माणसाला सोळा टक्के हे जडच. बाजारात जाऊन इसवण घेतल्यासारखं आहे, घेताना छान वाटतं, मग आठवडाभर तारले खायचे. मिनेसोटाला तारलेसुद्धा निवडून घ्यावे लागणार.

मॅकडेव्हिडचं म्हणाल तर मी हे लिहितोय तोवर सही नाही. त्याचा वर्षाला १ कोटी २५ लाखांचा करार या सीझननंतर संपतो आणि लोक म्हणतात तो कप्रिझोव्हपेक्षा जास्त मागेल. मला नाही वाटत. दोन फायनल लागोपाठ हरलेला माणूस आहे, २०२४ ला हरूनसुद्धा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रॉफी मिळाली तर ती घ्यायला बर्फावर आलाच नाही. त्याला पैसा हवा असता तर कधीच सही झाली असती, त्याला बघायचंय की टीम खरंच जिंकायला बसलीय की नाही. माझा अंदाज, करार लहान असेल. चुकलो तर पुढच्या अंकात शिव्या घाला.

प्रश्न: जोनाथन टेव्स पंचकर्म करून परत खेळायला आला हे खरं का? आमच्या वर्गात पैज लागलीय.
– एक आयुर्वेद विद्यार्थी, शिरोडा

अर्धी पैज जिंकलास. शिकागोचा कॅप्टन म्हणून २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीन कप उचललेला टेव्स आजारपणामुळे २०२३ च्या एप्रिलनंतर खेळलाच नव्हता, आणि गेल्या वर्षी तो भारतात येऊन पाच आठवडे पंचकर्म करून गेला हे त्याने स्वतःच सांगितलंय. आता ३७ व्या वर्षी आपल्या गावच्या विनिपेगकडून एक वर्षाच्या करारावर उतरतोय. पण त्याच्यामुळेच बरा झाला असं लिहून देणार नाही हां, त्याने इतरही बरेच उपाय केलेत. आणि दोन वर्षं न खेळलेल्या पायांनी ८२ मॅचचा सीझन काढायचा, तोही ऑलिम्पिकच्या सुट्टीमुळे दाटीवाटीचा, हे कुठल्या तेलाने होत नाही. फेसऑफला, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ चालू करतात तेव्हा, मात्र अजून तो कामाचा असेल.

प्रश्न: मारामारी केली तरी बाहेर का काढत नाहीत?
– शांतताप्रिय, डिचोली

पाच मिनिटं बाकावर बसवतात. दोघांनाही. पंच आधी दोघं दमेपर्यंत बघत उभे राहतात, आपल्याकडे वाड्यावरच्या भांडणात म्हातारी माणसं उभी राहतात तसे.

प्रश्न: आपला म्हणावा असा कोणी आहे का या लीगमध्ये?
– पक नव्हे पाव, कुंकळ्ळी

व्हँकूवरकडे अर्शदीप बैन्स आहे, सरे गावचा पंजाबी पोरगा, यंदा टीममध्ये पक्की जागा मिळते का ते बघायचंय. त्याच्या आधी जुझार खैरा होता, आणि सगळ्यात पहिला रॉबिन बावा, १९८९ च्या सीझनला वॉशिंग्टनकडून. कॅनडात तर २००८ पासून पंजाबीत कॉमेंट्री चालते, २०१६ च्या फायनलला हरनारायण सिंगने "बोनिनो बोनिनो बोनिनो" म्हणून जो आरडाओरडा केला तो जगभर गाजला. मराठीत कधी होणार देव जाणे, मी मोफत करायला तयार आहे, घसा आहे माझ्याकडे.

आणि आपला म्हणायला पंजाबच कशाला, लडाख आहे की. यंदा जूनमध्ये अल ऐनला आशिया कपमध्ये भारताच्या बायकांच्या टीमने ब्राँझ आणलं, त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. थंडीत तळं गोठलं की तेवढे दिवस खेळायचं, असं करत शिकलेल्या. त्यांचं आपल्या पेपरात दोन ओळी पण आलं नाही, त्याचा मला मार्नरपेक्षा जास्त राग आहे.

प्रश्न: मॅच किती वाजता ते एकदाचं सांगा.
– रात्रपाळी, वास्को

पहिल्या दिवशी तीन मॅच, आपल्याकडे ८ तारीख, बुधवार उजाडलेला असेल. शिकागो-फ्लोरिडा रात्री अडीचला, चॅम्पियनचा बॅनर वर चढवतील तो तेव्हाच. पिट्सबर्ग-न्यूयॉर्क रेंजर्स साडेपाचला, ही चुकवू नका, पिट्सबर्गला दोन कप देणारा कोच माइक सलिव्हन आता रेंजर्सकडे आहे आणि पहिलीच मॅच जुन्या घराशी. कोलोरॅडो-लॉस एंजेलिस सकाळी आठला, किंग्सच्या कोपिटारने हा शेवटचा सीझन म्हणून सांगून टाकलंय तर त्याला बघून घ्या. टोरांटो-माँट्रियल गुरुवारी पहाटे साडेचारला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की सगळं एक तास उशिरा.

साडेचारच्या मॅचचा एक फायदा आहे, तिसरा पिरियड चालू होतो तेव्हा आमच्या वाड्यावर पोदेराचा भोंपू वाजतो. गेल्या वर्षी ओव्हरटाइमला मी पाव आणायला धावलो आणि गोल तेवढ्यातच झाला. यंदा पिशवी आदल्या रात्रीच गेटला टांगून ठेवणार.