बॅटरीच्या गाळ्यातून घरात येणारं शिसं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मला पाचवा महिना आहे. मोठा मुलगा अडीच वर्षांचा. घराखालच्या गाळ्यात यजमानांचं बॅटरी दुरुस्तीचं काम आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून प्लेटा काढतात, कधी मागच्या अंगणात वितळवतात. संध्याकाळी वर आले की मुलगा धावत जाऊन त्यांना बिलगतो. सातव्यात डोहाळजेवण आहे, म्हणून सासूबाई दारं-खिडक्यांचा जुना रंग खरवडून नवा द्यायचा म्हणतात. मैत्रीण म्हणाली, शिसं पोटातल्या बाळाला बाधतं. यजमान म्हणतात, "पंधरा वर्षांत मला काही झालं नाही." खरं काय?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे. यजमानांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडं तपासल्याशिवाय त्यांना काही झालं नाही असंही मी म्हणणार नाही. शिसं तिथे वर्षानुवर्षं मुकाट काम करतं.

आपलं शरीर शिशाला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडांत साठवतं. गरोदरपणी बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघू लागलं की त्याच्यासोबत हे जुनं शिसंही रक्तात उतरतं. वार त्याला अडवू शकत नाही. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, आईचा वाढलेला रक्तदाब, हे त्याचे धोके. लग्नानंतर गाळ्यात हाताखाली काम केलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

मुलाची मला जास्त काळजी वाटते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि अंगात लोह कमी असेल तर त्याहून जास्त. त्याचा घाव मेंदूवर बसतो: बुद्धी, लक्ष, वागणं. बाहेरून मूल खेळतं-हसतं दिसतं.

माझ्याकडे दोन वर्षांची एक मुलगी यायची. लोहाचं औषध महिनोन्महिने चालू, तरी हिमोग्लोबिन हलेना. शेवटी वडिलांना काम विचारलं, तर तेही बॅटरीचंच. त्यांचा कामावरचा शर्ट तिच्या झबल्यांबरोबर एकाच बादलीत भिजत होता. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

म्हणून यजमानांना हे वाचून दाखवा. प्लेटा वितळवणं आजपासून बंद. काम संपलं की गाळ्यातच अंघोळ, डोक्यावरून पाणी घेऊन, आणि दुसरे कपडे. चपला खालीच. ते कपडे वेगळे धुवायचे, आणि तुम्ही नाही. मुलाला जवळ घ्यायचं ते त्यानंतर. घरात झाडूने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलाचे हात साबणाने धुवा.

सासूबाईंना सांगा, रंग बाळंतपणानंतर. रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. कोरडं खरवडलं की त्याची धूळ घरभर बसते. पुढेही घासायचं ते ओलं करून, आणि त्या दिवसांत तुम्ही, बाळ आणि मुलगा माहेरी. तोवर मुलगा खिडकीचे गज तोंडात घालतो का, तेवढं बघा.

तुमची, यजमानांची आणि मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी करा. नमुना शिरेतून घ्यायला सांगा. सुरक्षित असा कुठलाच आकडा नाही, पण 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायलाच हवं. मुलाचं 45 च्या वर गेलं तर लगेच मोठ्या रुग्णालयात. शिसं उतरवायचा म्हणून कुठलाही काढा घेऊ नका. नागभस्म हे तर शिशाचंच भस्म आहे.

कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चुकवू नका, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. नाचणी, दूध, पालेभाजी रोज. अहवाल आले की आकडे मला कळवा, मुलाचा आधी.