सोलापूरच्या उन्हात आत-बाहेर एक करणारं घर निभेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात ३० बाय ५० चा पश्चिमाभिमुख प्लॉट आहे. हॉलपासून बागेपर्यंत सलग काच असलेली, आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं ते कळू नये अशी घरं तुम्ही व्हिडिओत पाहिलीत, आणि आपल्या हवेत ती निभतील का हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

निभतील. पण काचेच्या जोरावर नाही, सावलीच्या जोरावर. नऊ वर्षं अशा घरात राहून सांगतेय.

आमचं घर जुळे सोलापुरात आहे. हॉलला पश्चिमेकडे १२ फुटांचा सरकता काचेचा दरवाजा आणि त्यावर दीड फुटाचा छज्जा होता. प्लॅनमधलं चित्र फार देखणं होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी साडेतीननंतर हॉलच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववेना. सासूबाई दुपारी उठून जिन्याखाली चटई टाकून पडायच्या. एवढा खर्च करून घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बसायला जागा उरली नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. जाड पडदे लावले, उपयोग झाला नाही. ऊन एकदा काचेतून आत आलं की ती उष्णता आतच अडकते. आतला पडदा स्वतः तापतो आणि खोलीला शेकत राहतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच.

हा त्रास मोठमोठ्यांच्या घरांनाही चुकलेला नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये प्रसिद्ध वास्तुकार मीस व्हॅन डर रोहे यांनी बांधलेलं फार्न्सवर्थ हाउस १९५१ मध्ये पूर्ण झालं. चारही बाजूंना काच, भोवती झाडं आणि नदी. आजही जगभरचे विद्यार्थी ते अभ्यासतात. पण मालकीणबाईंना उन्हाळ्यात उकाडा आणि रात्री दिव्यावर येणारे किडे यांनी हैराण केलं. तिथली ही कथा, तर आपल्या ४२-४३ अंशांत काय होईल?

माझं माहेर बार्शीकडचं, माळवदाच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या वाड्यातलं. आधी ढाळज म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, मग उघडा चौक, चौकाच्या कडेने सोपा म्हणजे ओसरी. आजी सकाळी नऊच्या सुमाराला दारं ओढून घ्यायची आणि दिवेलागणीला चौकात पाणी शिंपडून सगळी उघडायची. आपल्याकडचं बाहेर हे असं घड्याळावर चालतं. उन्हाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असल्यामुळे दिवसभर साठलेली उष्णता रात्री मोकळ्या आकाशाकडे निघून जाते, गार हवा चौकात उतरते, भिंती आणि फरशी निवतात. सकाळी वेळेवर दारं लावली तर तो गारवा दुपारपर्यंत पुरतो. शिंपडलेल्या पाण्यानेही गारवा येतो तो हवा कोरडी आहे म्हणूनच.

म्हणून कोकणातलं घर जसंच्या तसं उचलू नका. अलिबागजवळ नांदगावला स्टुडिओ मुंबई या वास्तुरचना संस्थेचं पामायरा हाउस आहे, २००७ मधलं. ताडाच्या लाकडी पट्ट्यांच्या झडपांमधून समुद्राचा वारा घरभर खेळतो. मला ते अतिशय आवडतं. पण तिथल्या दमट हवेत वारा सतत वाहता लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यातला दुपारचा वारा म्हणजे झळ. ती आत घ्यायची नसते. त्यापेक्षा वास्तुकार चार्ल्स कोरिया यांचं अहमदाबादचं पारेख हाउस बघा, १९६० च्या दशकातलं. त्यात उन्हाळ्यासाठी वेगळा भाग आहे, हिवाळ्यासाठी वेगळा. माणसं ऋतू आणि वेळ बघून घरातल्या घरात जागा बदलतात. हे आपल्या हवेला धरून आहे.

आता तुमचा प्लॉट. समोर पश्चिम म्हणजे लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड करून. मी असते तर पश्चिमेला पार्किंग, जिना, बाथरूम, स्टोअर लावलं असतं. ऊन त्यांनी खावं. मग मधोमध, दक्षिणेच्या अंगाला साधारण ९ बाय १२ चा चौक, आणि हॉल, स्वयंपाकघर दोन्ही चौकात उघडणारी. जागा कमी पडेल अशी भीती वाटत असेल तर जपानमधल्या ओसाकातलं वास्तुकार तादाओ आंदो यांचं १९७६ चं घर शोधून बघा. रुंदी साधारण ११ फूट, लांबी साधारण ४६ फूट, आणि त्याचाही मधला एक तृतीयांश भाग आकाशाला मोकळा सोडलाय. पावसात बाथरूमला जायचं तर छत्री घ्यावी लागते, तेवढं मात्र आपल्याला नको; चौकाच्या कडेने तीन फुटांचा छज्जा फिरवा. चौकाचा आणखी एक फायदा: शेजाऱ्यांनी उद्या दोन मजले चढवले तर बाजूची बाग झाकोळते, डोक्यावरचं आकाश आपलंच राहतं.

तीन फूटच का? आपण साधारण १७.७ अक्षांशावर आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेकडच्या दाराला छोटा छज्जाही पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी ४९ अंशांवर असतो, त्यामुळे सात फुटी दाराच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं. संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की आमच्याकडे सगळे त्याच उन्हाच्या पट्ट्यात सरकून बसतात. मात्र मे महिन्यात भरदुपारी चौकात ऊन सरळ उतरतं, तेव्हा त्यावर ओढायला कापड हवंच. आम्ही दोन तारा ताणून त्यावर कड्यांनी जाड मांजरपाट सरकता केलाय. दिवस मावळला की ते बाजूला सारून चौक मोकळा करतो.

पश्चिमेचं गणित वेगळं. तिथे सूर्य खाली झुकतो आणि छज्जाच्या खालून आत शिरतो, छज्जा कितीही लांब केला तरी. आम्ही १२ फुटांचा दरवाजा अर्धा बुजवला, पुढे सात फूट खोल कौलारू पडवी काढली, तिच्या कडेला बांबूचे गुंडाळायचे पडदे लावले. तीन वाजता सोडायचे, साडेसहाला वर. समोर दोन करंज लावले. त्यांची पानं उन्हाळ्याच्या तोंडाशी झडतात पण झळा सुरू होईपर्यंत नवी पालवी येते. आता सासूबाईंची खुर्ची पडवीतच असते, दुपारच्या झोपेनंतर त्या तिथेच शेंगा सोलत बसतात.

जिथे आत आणि बाहेर जुळतं, त्या दोन इंचांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. व्हिडिओत दिसते तशी दोन्हीकडे अगदी एका पातळीत फरशी केली तर सप्टेंबरच्या एका जोरदार पावसात पाणी सोफ्याखाली. बाहेरची फरशी दीड-दोन इंच खाली घ्या, दाराबाहेर लागूनच जाळीची पन्हळ करा, उतार बाहेरच्या बाजूला. सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत आपली धूळ आठवड्यात बसते. जिथे जमेल तिथे बिजागरीचं दुपाखी दार लावा. डासांची जाळी आणि लोखंडी ग्रिल हे नंतरचं काम म्हणून सोडू नका, प्लॅनमध्येच काढून घ्या, नाहीतर शेवटी कोणीतरी चॅनेल गेट ठोकून जातो आणि सगळा मोकळेपणा संपतो. आत शहाबादी फरशी घातली तर पायाला गार लागते, शहाबाद आपल्याजवळच आहे. उघड्या चौकात मात्र ती दुपारी चटके देते, तिथे अर्धी जागा मातीचीच ठेवा.

हिरवळ लावू नका. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात लॉन पोसणं मला पटत नाही. कडुनिंब, बोगनवेल, मधुमालती, एखादी जाई. वॉशिंग मशीनचं नाही, पण भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी यांना पुरतं.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक काम करा. उन्हाळ्यातल्या एका दिवशी प्लॉटवर खुर्ची घेऊन जा, सकाळी सहाला, दुपारी चारला आणि रात्री आठला. वारा कुठून येतोय, कोणत्या भिंतीची सावली कुठवर पडतेय ते कागदावर काढा. पहिल्या भेटीत फोटोंच्या आधी तो कागद पुढे ठेवा.