सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर कुटुंबासह राहायला गेल्यास तिथले घरगुती जीवन आणि सणवार कसे असतात?

आपण लिहिले आहे की, पत्नीची शिक्षिका म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात बदली झाली आहे, दोन लहान मुलांना घेऊन तिथेच राहण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी तिथली घरे कशी चालतात, कोणते सण केव्हा येतात व वर्षभराच्या सुट्ट्या कशा आखाव्यात, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी त्याच तालुक्यातील पावरा या आदिवासी जमातीच्या कुटुंबातला आहे. नोकरी शहाद्याला असली, तरी आई-वडील आणि भाऊ पाड्यावरच असतात, त्यामुळे माझे वर जाणे-येणे सतत चालू असते. आपण जळगावकडचे आहात, तेव्हा ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उन्हाचा तडाखा यांची आपल्याला वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. अडचण येईल ती भिंतीवरच्या कॅलेंडरची. आपल्याकडे आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) तिथी ठरलेली असते, कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. आमच्याकडे मात्र बहुतेक सण गावपंच बसून ठरवतात, आणि ते ठरवताना शेतातले पीक घरात आले का आणि माणसे गावात परतली का, या दोन गोष्टी पाहिल्या जातात. हे एकदा लक्षात घेतले, की पाड्यावरचे बाकीचे बरेच काही आपोआप उलगडते.

सपाटीवरच्या गावासारखी एकाला एक लागून असलेली घरे पाड्यावर दिसणार नाहीत. प्रत्येकाचे घर त्याच्या शेतात, म्हणजे बहुधा उतारावर, आणि शेजारच्या घरी जायचे तर मध्ये एखादी घळ ओलांडावी लागते. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, वर कौले. अलीकडे पत्रा आणि घरकुलाच्या सिमेंटच्या खोल्याही आल्या आहेत, पण उन्हाळ्यात त्या खोलीत कोणी झोपत नाही. जुन्या पद्धतीच्या घरात एका बाजूला चूल आणि धान्याच्या कणग्या असतात, दुसऱ्या बाजूला गुरे बांधलेली असतात. पाहुण्यांना सुरुवातीला याचे नवल वाटते. मात्र थंडीत बैलांच्या उबेने घर गरम राहते आणि रात्री बिबट्याची धास्ती राहत नाही, हे कळल्यावर त्यांचे प्रश्न थांबतात. मुलाचे लग्न झाले की तो जवळच वेगळे घर उभारतो आणि धाकटा मुलगा बहुधा आई-वडिलांजवळ राहतो, त्यामुळे एका टेकडीवर चार-पाच सख्ख्या-चुलत भावांची घरे असली, तरी चुली वेगळ्या असतात. पेरणी, निंदणी किंवा घराचे छप्पर अशी मोठी कामे निघाली, की सगळे एकत्र येतात. याला आमच्याकडे लाह म्हणतात. ज्याचे काम त्याने जेवण द्यायचे आणि पुढे दुसऱ्याच्या कामाला आपण जायचे. मजुरीचा हिशेब त्यात नसतो. मात्र कोण आले आणि कोण आले नाही, ते सगळ्यांच्या ध्यानात असते.

दिवसाची सुरुवात पाण्याने होते. नळयोजना कागदावर अनेक ठिकाणी आहे, प्रत्यक्षात उन्हाळ्यात नाल्यातल्या झिऱ्यावरूनच पाणी आणावे लागते आणि हे काम अजूनही बायका व मुलींच्याच वाट्याला येते, याबद्दल आमच्या समाजाला मी सूट देणार नाही. सकाळी ज्वारीची किंवा मक्याची भाकर, सोबत उडदाची डाळ, अंबाडीची भाजी किंवा नुसती चटणी; भगर आमच्याकडे उपासाची नव्हे, रोजच्या जेवणाची आहे. आठवडे बाजाराचा दिवस हा घरातला अर्धा सणच असतो. त्या दिवशी मीठ-मिरची येते, नातेवाईक भेटतात, सोयरीक जुळते आणि पंचांचे निरोपही बाजारातच एकमेकांना पोहोचतात. पुढच्या सणाची तारीख हवी असेल, तर बाजारात चहाच्या टपरीवर विचारावी. ती कोणत्याही छापील पंचांगात सापडणार नाही.

आपल्या मुलांना मे महिन्याची सुट्टी लागेल, तेव्हा जमल्यास त्यांना आठवडाभर तरी पाड्यावरच ठेवा, कारण तो आमचा आमचूरचा हंगाम असतो. कैऱ्या पाडायच्या, टोपल्यांतून घरी आणायच्या, अंगणात गोल बसून सोलायच्या, पातळ फोडी करायच्या आणि त्या खडकावर उन्हात पसरायच्या, या कामात तीन वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सगळे असतात. सोलताना कैरीचा चीक बोटांना लागतो आणि आठ दिवसांत बोटांची कातडी काळी पडून सोलून निघते. फोडी मात्र पांढऱ्या राहिल्या पाहिजेत, कारण धडगाव आणि मोलगीचे व्यापारी रंग पाहूनच भाव करतात. मध्येच वळवाचा पाऊस आला आणि फोडी वेळेत गोळा झाल्या नाहीत, तर त्या काळवंडतात आणि भाव पडतो, म्हणून दुपारी आभाळ भरून आले की जेवणारा माणूस ताट सोडून खडकाकडे धावतो. त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाची फुले वेचायची असतात. पावसाळ्यातले मीठ-तेल आणि शाळेच्या वह्या बऱ्याच घरांत या दोन हंगामांतून निघतात. इतरांच्या दृष्टीने ही सुट्टी असली, तरी आमच्याकडे मुलांच्या कामाचा खरा काळ तोच आहे, आणि आमच्या मुलांना त्याची तक्रार नसते, कारण कैरी खाण्यावर कोणाचे बंधन नसते.

आता दिवाळीबद्दल, कारण आपला मुख्य प्रश्न त्याविषयीच आहे. शाळेला दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागते, तेव्हा वर ज्वारी शेतात उभी असते आणि राखणीसाठी माणूस माळ्यावर बसलेला असतो. अशा वेळी सण कसा करणार? पीक काढून धान्य घरात आले, की पाटील, पुजारा आणि जाणती माणसे बसून गावाची दिवाळी ठरवतात, आणि ठरवताना शेजारच्या गावाची तारीख टाळतात, म्हणजे एकमेकांच्या सणाला जाता येते. त्यामुळे काही गावांत दिवाळी डिसेंबरमध्ये होते, काही गावांत जानेवारीही उजाडतो. तोवर सपाटीवरचे लोक तिळगुळाच्या तयारीला लागलेले असतात! गावदेवाची आणि वाघदेवाची पूजा होते, गुरांची शिंगे रंगवली जातात, कोंबडे-बकरे कापले जातात आणि रात्रभर ढोल वाजतो. शाळेत त्या दिवशी हजेरी घसरते. आपल्या पत्नींनी त्यावर मुलांना रागावण्याऐवजी मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी त्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरावा; जे शिक्षक असे करतात, त्यांच्या शाळेत सणानंतर मुले वेळेवर परत येतात, हे मी पाहिले आहे. सरकारी सुट्टीतली दिवाळी आपण निश्चिंतपणे जळगावला करावी. त्याच दिवसांत, धनत्रयोदशीपासून, तळोद्याकडून अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेकरू चढतात. भळभळत्या जखमेसाठी तेल मागणारा अश्वत्थामा तिथे वावरतो, अशी श्रद्धा आहे. ही वाट अवघड आहे, लहान मुलांना नेऊ नये.

सगळ्यांत मोठा सण होळीचा. पीक निघाल्यावर आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला गुजरातेत आणि शहादा भागात उतरतात, काही घरांना तर कुलूपच असते, आणि ही सगळी माणसे होळीला मात्र परत येतात. मुकादमालाही ते माहीत असते, म्हणून उचल देतानाच तो होळीचा विषय काढतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात ठिकठिकाणचे आठवडे बाजार भोंगऱ्या बाजार म्हणून भरतात. तिथे पूजेसाठी डाळ्या, गूळ, खजूर आणि साखरेचे हार-कंगन घेतले जातात, ढोल घेऊन गावेच्या गावे उतरतात. या बाजाराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तिथे मुले-मुली एकमेकांना पसंत करून पळून जातात, असे वर्षानुवर्षे छापून येते आणि कॅमेरे घेऊन लोक तेच शोधायला येतात. आम्हाला त्याचा मनस्ताप होतो. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे आणि आमची लग्ने दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, मुलाकडून दिले जाणारे देज ठरवूनच होतात.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री असते आणि पहाटे पेटते. तिच्या आगेमागे इतर गावांच्या होळ्या आपापल्या ठरल्या दिवशी होतात. काठीच्या होळीचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात आणि तो रोवण्याचा खड्डा कोणतेही हत्यार न वापरता हातांनी खोदतात. नवस बोललेले पुरुष बुध्या, बावा किंवा मोरखी होतात. अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेल्या भोपळ्यांची माळ. हे दिसते; घरात राहणाऱ्यालाच कळते ते त्यामागचे व्रत पाळणे. ते दिवस तो माणूस खाटेवर झोपत नाही, पायात चप्पल घालत नाही, बायकोपासून वेगळा राहतो, आणि त्याच्या वाट्याची घरची कामे बाकीच्यांनी वाटून घ्यायची असतात. होळी झाल्यावर काही दिवस गावोगाव मेलादे म्हणजे जत्रा भरतात आणि गेर, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, घरोघरी फाग (होळीची वर्गणी) मागत फिरते. आपल्या दारीही येईल, तेव्हा थोडे सुटे पैसे आणि गूळ-डाळ्या काढून ठेवाव्यात. फोटो काढायचा असल्यास आधी विचारावे. विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

याखेरीज एखाद्या घरी इंदल असल्याचे निमंत्रण आपल्याला येऊ शकते. हा गावाचा नव्हे, एका कुटुंबाच्या नवसाचा सण आहे. आजारपण गेले, मूल झाले, पीक आले म्हणून बोललेला नवस कधी कधी अनेक वर्षांनी फेडला जातो, कारण कळंबाच्या फांद्या रोवून रात्रभर गाणे-नाचणे आणि सगळ्या पाहुण्यांना जेवण, हा खर्च लहान नसतो. निमंत्रण आले तर जरूर जावे आणि जेवूनच निघावे. महाशिवरात्रीला अनेक कुटुंबे याहामोगी मातेच्या दर्शनाला गुजरातेतील देवमोगऱ्याला जातात, तर काही तोरणमाळला गोरक्षनाथांच्या यात्रेला. संत गुलाम महाराजांची परंपरा मानणारी घरे एकमेकांना ‘आप की जय’ म्हणतात आणि दारू-मांस वर्ज्य मानतात, तेव्हा सगळ्या घरांत एकच रीत असेल, असे गृहीत धरू नये. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, धडगावला मोठी मिरवणूक निघते. ती तारीख मात्र नक्की ठरलेली असते.

आपल्या रजेबाबत सांगायचे, तर किरकोळ रजा दिवाळीत खर्च न करता होळीसाठी ठेवा आणि त्या आठवड्यात पाड्यावरच राहा. भोंगऱ्याच्या दिवसांत वर येणाऱ्या जीपगाड्या टपापर्यंत भरलेल्या असतात, खाली जाणारी गाडी वेळेवर मिळत नाही आणि पाड्यावरचे दुकानदारही ढोलामागे गेलेले असतात, म्हणून दूध पावडर, मुलांची औषधे आणि किराणा आधीच्या बाजारातच भरून घ्यावा.