मोटरवरचा शेवटचा आकडा

पालकांचे पत्र (संक्षिप्त): आम्ही नोकरीनिमित्त एच-१बी व्हिसावर टेक्सासमध्ये राहतो. दहावीत शिकणारी आमची मुलगी हौशी रॉकेट क्लबच्या उड्डाणदिनी गेली होती. दिवसभर उन्हात थांबून तिचे रॉकेट जेमतेम दोनदा उडाले आणि दुसऱ्यांदा पॅराशूट उशिरा उघडल्याने त्याचा शेपटीकडचा पंख मोडला. परतताना ती वहीत ‘सी६-७ नको, सी६-३’ असे काहीतरी लिहीत होती. दिवाळीतल्या बाणांसारख्या या खेळात वेळ घालवू द्यावा का? पुढे तिला एरोस्पेसला घालावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. ज्या नोंदीला आपण ‘काहीतरी’ म्हटले आहे, तीच मला या पत्रातील सर्वांत मोलाची बाब वाटते. मॉडेल रॉकेटच्या मोटरवरील (म्हणजे इंधन भरलेल्या नळीवरील) अक्षर तिचा एकूण आवेग, म्हणजे रेटा आणि तो टिकण्याचा वेळ यांचा गुणाकार, सांगते. सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. पहिला आकडा सरासरी रेट्याचा, तर शेवटचा आकडा इंधन जळून गेल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलले जाईल याचा. जड रॉकेट फार वर न जाता लवकर माघारी वळते, त्यामुळे त्याला सात सेकंद थांबवले तर ते नाक खाली करून वेगाने येत असताना पॅराशूट उघडते आणि त्या हिसक्याने काही ना काही मोडते. मुलीने मोडतोडीचे कारण आणि त्यावरचा उपाय घरी पोहोचण्यापूर्वीच शोधला होता.

दिवाळीच्या बाणाशी तुलना मात्र मला पटत नाही. बाण जळून संपतो. हे रॉकेट परत आणून पुन्हा उडवायचे असते. या छंदाचा उगमच सुरक्षिततेच्या विचारातून झाला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मुले घरी नळ्यांत दारू ठासून जखमी होत असताना नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या गृहस्थांनी (त्यांचे बुटांचे दुकान होते, हे मला फार आवडते) तयार मोटरवर चालणारे रॉकेट घडवले, आणि १९५७ मध्ये या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. विजेच्या बटणानेच प्रज्वलन, लहान मोटरपासूनही किमान १५ फूट अंतर, ताशी २० मैलांहून अधिक वारा असल्यास उड्डाण नाही, असे तिचे नियम आहेत. आपल्याला वाया गेलेला वाटलेला बराचसा वेळ या तपासण्यांत आणि वारा पडण्याची वाट पाहण्यात गेला असणार.

तिला एरोस्पेसला ‘घालण्याची’ घाई मात्र करू नये. या मैदानावर अनेक विषय एकत्र येतात: पंखांचा आकार व वजनाचा तोल यंत्र अभियांत्रिकीकडे नेतो, उंची मोजणारे उपकरण इलेक्ट्रॉनिक्सकडे, उड्डाणाचे संगणकीय अनुमान गणिताकडे. यांपैकी ती कशात रमते हे अजून कळलेले नाही. शाळेत अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजचा संघ असेल तर तिला त्यात जाऊ द्यावे. या शालेय स्पर्धेत रॉकेटमधून कच्चे अंडे न फुटता ठरावीक उंचीवर नेऊन ठरावीक वेळात उतरवायचे असते, आणि संघातील कामांची वाटणी होताना तिची ओढ आपोआप दिसेल.

आता अप्रिय भाग, आणि तो मुलीपासून लपवू नये. अमेरिकेत रॉकेट तंत्रज्ञान शस्त्रास्त्र-निर्यात नियमांखाली येते, त्यामुळे तेथील कंपन्या अशा कामासाठी बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतात. नासाच्या इंटर्नशिपलाही नागरिकत्व लागते. शिवाय पालकांच्या व्हिसावर मुलांना मिळणारा आश्रित व्हिसा २१व्या वर्षी संपतो आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे, हे आपण जाणताच. त्यामुळे अमेरिकेतच शिकायचे असेल, तर पदवी यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीची घेऊन एरोस्पेसचे विषय सोबत ठेवावेत, म्हणजे एक दार बंद झाले तरी इतर उद्योग खुले राहतील.

ती भारतीय नागरिक असल्यास तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था हा दुसरा मार्ग आहे. तेथील बी.टेक. प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या आधारे होतो. ती परीक्षा अमेरिकेतील शालेय अभ्यासक्रमाहून बरीच वेगळी असल्याने, या मार्गाचा विचार असेल तर अकरावी सुरू होण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागेल. तो घेताना तिला समोर बसवावे आणि ती वहीही सोबत घ्यावी.