"मलाच काही कळत नाही": पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा अनुभव

महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात पहिल्या वर्षाची जी मुले-मुली येतात, त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "मॅडम, बाकीच्यांना सगळं कळतं, मलाच काही कळत नाही." पालकही फोनवर जवळजवळ हेच विचारतात. बारावीपर्यंत वर्गात पुढे असलेली मुलगी शहरातल्या महाविद्यालयात गेल्यावर गप्प गप्प का झाली, तिला अभ्यास झेपत नाही का, की शहर मानवले नाही, अशी त्यांची काळजी असते. या गप्प होण्यामागे दर वेळी अभ्यासच असतो असे नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा अनुभव त्यासाठी तिच्या संमतीने लिहीत आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिला इथे स्वाती म्हणू.

स्वाती मराठवाड्यातल्या एका गावातून पुण्यात बी.ए.साठी आली होती. बारावीच्या पुढे शिकणारी घरातली ती पहिलीच. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यानंतर वसतिगृहाच्या रेक्टर बाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या, कारण ती रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये येईनाशी झाली होती आणि तिने सामान बांधायला घेतले होते. मी आधी झोपेबद्दल, खाण्याबद्दल विचारले. जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारले. हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे; विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. "तसं काही नाही मॅडम," ती म्हणाली, "पण मी नापास झाले. आता घरी काय तोंड दाखवू?"

तिने निकालाची प्रत पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली. घड्या घालून घालून कागद मऊ पडला होता. एक विषय सोडून बाकी सगळ्या विषयांत ती उत्तीर्ण होती, दोन विषयांत तर तिला 'ए' श्रेणी होती. राहिलेल्या विषयासमोर 'एफ' होते, खाली शेऱ्यात 'एटीकेटी' लिहिले होते आणि एसजीपीएच्या, म्हणजे सत्राच्या सरासरी गुणांच्या, जागी नुसती आडवी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ तिने सगळे सत्र वाया गेले असा लावला होता. गावी तिने तसेच कळवले होते.

एटीकेटी म्हणजे एखादा विषय राहिला तरी पुढच्या सत्रात शिकत राहण्याची परवानगी. राहिलेला विषय नंतरच्या परीक्षेत सोडवायचा असतो. पहिल्या सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना बहुतेक ठिकाणी याने काहीच अडत नाही. अडते ते वर्ष बदलताना, आणि किती विषय राहिले तर अडेल याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात, म्हणून ते आपल्याच महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारावेत. सगळे विषय सुटेपर्यंत सत्राची सरासरी न दाखवण्याची पद्धत असल्यामुळे तिच्या कागदावर ती रेघ आली होती, एवढेच.

ही सरासरी कशी निघते ते आम्ही कागदावर करून पाहिले. प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट असतात. तासिकेच्या विषयात सत्रभरातल्या साधारण १५ तासांच्या शिकवणीला १ श्रेयांक धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत 'ओ' श्रेणीला १०, 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८ असे उतरत उतरत 'पी'ला ४ आणि 'एफ'ला ० गुण मिळतात. समजा, ४ श्रेयांकांच्या विषयात ८ आणि २ श्रेयांकांच्या विषयात ५ गुण मिळाले, तर ४ गुणिले ८ म्हणजे ३२, २ गुणिले ५ म्हणजे १०, बेरीज ४२ आणि तिला ६ श्रेयांकांनी भागल्यावर ७. हा त्या सत्राचा एसजीपीए. सगळी सत्रे मिळून जो निघतो तो सीजीपीए. स्वातीने स्वतःच्या उत्तीर्ण विषयांचा हिशेब पेन्सिलीने स्वतःच केला आणि बऱ्याच वेळाने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मग राहिलेल्या विषयाकडे वळलो. लेखी परीक्षेत तिला पुरेसे गुण होते, अंतर्गत मूल्यमापनात मात्र शून्य. तिच्या अभ्यासक्रमात दोन्ही भागांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. शून्य का, असे विचारल्यावर तिने मोबाईलमधला सूचनाफलकाचा एक फोटो दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत होते: 'एफवाय बीए, ओई आणि व्हीएससी, सीआयई सबमिशन, एबीसी आयडी मँडेटरी', आणि खाली तारीख. असे कितीतरी फोटो तिने काढून ठेवले होते. आपल्यासाठी काहीतरी महत्त्वाचे आहे एवढे तिला कळत होते, पण नेमके काय करायचे ते त्या चार ओळींत कुठेही नव्हते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाबरोबर गौण विषय, आपल्या विद्याशाखेबाहेरचा खुला विषय (ओई), व्यवसायाशी जोडलेला कौशल्याचा विषय (व्हीएससी) असे अनेक गट आले आहेत. सीआयई म्हणजे सत्रभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन: चाचणी, गृहपाठ, सादरीकरण. एबीसी आयडी हा विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा बारा अंकी क्रमांक आहे. हे खाते डिजिलॉकरवरून काढता येते आणि मिळवलेले श्रेयांक त्यात जमा होतात. फलकावरच्या त्या सूचनेचा साधा अर्थ असा होता, की खुल्या आणि कौशल्याच्या विषयाचा गृहपाठ अमुक तारखेच्या आत द्या आणि त्यावर हा क्रमांक लिहा. तिचा खुल्या विषयाचा गृहपाठ लिहून तयार होता. तो वहीतच राहिला.

आपल्या महाविद्यालयांनी इथे गांभीर्याने लक्ष घालायला हवे, असे मला मनापासून वाटते. नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' नावाचा स्वागत कार्यक्रम असतो आणि त्यात ही सगळी माहिती दिली जाते, हे खरे आहे. परंतु प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेली, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत गावीच थांबलेली मुले त्या दिवशी वर्गात नसतात, आणि नेमकी हीच मुले अशा घरांतून आलेली असतात जिथे विचारायला थोरला भाऊ किंवा पदवीधर आत्या नसते. ज्या मुलीला घरून आधीच सांगितलेले असते तिला हे सगळे जन्मजात येते असे शेजारच्या बाकावरून वाटते, आणि न सांगितलेली मुलगी मनात म्हणते, मीच ढ आहे. हा निष्कर्ष एकदा पक्का झाला की मग अभ्यासावरही खरोखर परिणाम होऊ लागतो.

स्वातीने विचारलेच नव्हते असेही नाही. ती एकदा कार्यालयाच्या खिडकीपाशी गेली होती. "नोटीस लावलीय, वाचा," असे उत्तर मिळाले, मागे रांग होती, आणि ती परत फिरली. त्यानंतर ती त्या खिडकीकडे गेली नाही. तिच्या वतीने कार्यालयात फोन करणे मला सहज शक्य होते, पण त्याने पुढच्या वेळी ती पुन्हा अडली असती. म्हणून आम्ही प्रश्न तयार केला. "मला काही कळत नाही" असे म्हटले की समोरच्यालाही काय सांगावे ते कळत नाही. त्याऐवजी तिने वहीत लिहिले: "माझा खुल्या विषयाचा अंतर्गत भाग राहिला आहे. तो पुन्हा कधी आणि कोणाकडे द्यायचा? त्यासाठी परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो का?" हे वाक्य तिने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिले, मी खिडकीमागची व्यक्ती झाले, एकदा मुद्दाम तुटक उत्तरही दिले, आणि तरीही जागा न सोडता "मग कोणाला भेटू?" हे विचारण्याचा सराव तिने केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, रांग लागण्याआधी ती गेली. कार्यालयाने तिला विषयशिक्षकांकडे पाठवले, शिक्षकांनी तारीख सांगितली.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, पोरगी नापास झाली म्हणते. शिष्यवृत्ती बंद होईल का? परत आणू का तिला?" मी म्हटले, "दादा, तिचा एकच विषय राहिलाय आणि तो सुटेल. तिला आत्ता परत आणू नका." शिष्यवृत्तीबद्दल मात्र मी परस्पर काही बोलले नाही, कारण प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो, बँकखाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहणारी व्यक्ती ठरलेली असते. तिला स्वाती स्वतः भेटेल, एवढे मी सांगितले. पालकांना मी एक विनंती नेहमी करते. फोनवर "अभ्यास कसा चाललाय?" एवढेच विचारू नये, "या आठवड्यात कुठली तारीख आहे का, काही द्यायचं आहे का?" हेही विचारावे. स्वतःला त्यातले काही कळत नसले तरी चालते. सांगता सांगता मुलाचे मुलालाच उमगते.

दुसऱ्या भेटीत आम्ही आवारात कशासाठी कोण आहे याची ओळख करून घेतली. बहुतेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेले असतात. स्वातीला आपले कोण हे माहीतच नव्हते, ते तिने विभागात विचारून घेतले. विद्यार्थी विकास विभागाकडून कमवा आणि शिका योजना चालते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ही कल्पना आज अनेक विद्यापीठांत सुरू आहे आणि त्यात वर्गाचे तास सांभाळून ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करून मानधन मिळते. स्वातीला खर्चाची ओढाताण होती, म्हणून तिने अर्ज केला आणि तिला ग्रंथालयात पुस्तके लावण्याचे काम मिळाले. पैशांइतकाच उपयोग तिथल्या ओळखींचा झाला. वरच्या वर्गातल्या मुली कामाच्या ओघात तिला सहज माहिती देऊ लागल्या.

काही ठिकाणे गरज पडण्याआधीच माहीत असावीत. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिच्या सदस्यांची नावे आवारात लावलेली असायला हवीत. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ दिवसरात्र चालू असते. मन फार खचले आणि समुपदेशक हाताशी नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक मी स्वातीला मोबाईलमध्ये जतन करायला लावले, तिला त्या वेळी त्यांची गरज नसतानाही.

राहिलेला विषय तिने पुढच्या परीक्षेत सोडवला. इंग्रजीतली संदर्भपुस्तके वाचायला तिला अजून वेळ लागतो, गटचर्चेत बोलताना ती अजून अडखळते, आणि त्यासाठी ती अधूनमधून येत असते. मागच्या भेटीत मात्र तिने मला एक बातमी दिली. अर्थशास्त्राची उत्तरे मराठीतून लिहिता येतात का, हे तिने परीक्षा विभागात जाऊन विचारले होते. येतात असे कळल्यावर तिने परीक्षेच्या अर्जातला माध्यमाचा रकाना तपासला, तिथे चुकून इंग्रजी नोंदले गेलेले होते, आणि अर्जाची मुदत संपण्याआधी ते दुरुस्त करून घेतले. तिच्या खोलीतल्या आणखी दोघींच्या अर्जांतही तीच नोंद होती. त्यांना घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीवर गेली.