सिंधुदुर्गातल्या नव्या टीचर सिस्टरांना फादर मार्गदर्शन करतात म्हणजे त्या सिस्टर-संघाचे प्रमुख तेच का?

नाही, या सिस्टरांची प्रमुख त्यांची सुपिरिअर, म्हणजे संघातली मुख्य सिस्टरच; फादर फक्त मिस्सा (चर्चमधली उपासना), रिट्रीट (एकांतातली प्रार्थना-साधना) आणि सल्ला यापुरते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायद्यातलं कलम 630 तर कन्फेशन (पापांची कबुली) कोणाकडे करायचं याचीसुद्धा सिस्टरांना मोकळीक देतं, मग कुठली सिस्टर कुठल्या कॉन्व्हेंटात (सिस्टरांच्या मठात) राहणार, हिशोबाची वही कोण बघणार हे फादरांनी कशाला ठरवायचं (आपल्याकडे पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, सगळंच फादरांना विचारायची सवय, म्हणून घोळ). संघाला रीतसर मान्यता बिशप देतात, पण नोव्हेंबर 2020 पासून त्यांनाही आधी रोमची, म्हणजे पोपांच्या कार्यालयाची, लेखी परवानगी लागते. फक्त शाळा धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) मालकीची असेल तर मॅनेजर फादर असू शकतात, तिथे शाळेच्या कामापुरतं त्यांचं चालतं.