विज्ञान शिकवताना स्लाइड कशा असाव्यात, म्हणजे मुले त्या नुसत्या उतरवून घेणार नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, वर्गात प्रोजेक्टर आल्यापासून आपण आठवीच्या विज्ञानाच्या सर्व पाठांच्या स्लाइड तयार केल्या, परंतु मुले मान खाली घालून पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवत बसतात आणि प्रश्न विचारला की गप्प होतात. तर स्लाइडची मांडणी कशी करावी? मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझे ठाम मत असे आहे की, जे दाखवल्याशिवाय कळणार नाही तेवढेच पडद्यावर असावे आणि बाकीचे सर्व शिक्षकाने बोलून सांगावे.

मुले उतरवून घेतात, कारण पडद्यावर उतरवण्याजोगा मजकूर असतो. शिवाय आपण तोच मजकूर वाचून दाखवत असू, तर मूल आपल्या गतीने वाचते, आपण आपल्या गतीने बोलतो आणि दोन्हींकडे एकाच वेळी लक्ष देणे त्याला जमत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी या विषयावर अनेक प्रयोग केले आहेत. चित्र आणि बोलणे यांच्या जोडीला तेच बोलणे अक्षरांतही दाखवले, तर शिकणे सहसा सुधारण्याऐवजी बिघडते, असे त्यांतून दिसले. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पारिभाषिक शब्द मुलाच्या कानाला नवा असेल, तर तो लिहिलेला दिसलाच पाहिजे. म्हणून ‘अलिंद’ व ‘निलय’ (हृदयाचे वरचे व खालचे कप्पे), ‘महाधमनी’ (हृदयातून शरीराकडे रक्त नेणारी मुख्य वाहिनी) हे शब्द पडद्यावर अवश्य असावेत, त्यांच्या व्याख्या मात्र नसाव्यात.

हृदयाच्या रचनेचेच उदाहरण घेऊ, कारण स्लाइडचा खरा उपयोग तिथे होतो. पाठ्यपुस्तकातील आकृतीत उजवे अलिंद आणि उजवे निलय पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असतात, आणि इथेच बरीच मुले गोंधळतात. पहिल्या स्लाइडवर केवळ समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाची आकृती ठेवावी, तिच्या उजव्या हाताला ‘उजवा’ असे लिहावे आणि मग त्याच जागी, त्याच दिशेने, छातीतील हृदय मोठे करून दाखवावे. दुसऱ्या स्लाइडवर फक्त चार कप्पे आणि त्यांची नावे असावीत; नावे कडेला यादी करून न देता त्या त्या कप्प्यातच लिहावीत, कारण यादी आणि आकृती यांच्यामध्ये नजर फिरवण्यात मुलाची शक्ती वाया जाते. त्यानंतर रक्ताचा प्रवास एकेका बाणाने पुढे न्यावा: महाशिरांतून उजव्या अलिंदात, तिथून उजव्या निलयात, फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे, फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि महाधमनीतून शरीरभर. प्रत्येक बाण येण्यापूर्वी ‘आता रक्त कुठे जाईल?’ असे विचारून थांबावे. बाण एकामागून एक येणे एवढेच ॲनिमेशन इथे पुरेसे आहे. अक्षरे गिरक्या घेत येण्याची काहीही गरज नाही.

याच आकृतीत रंगांविषयी सावध राहावे लागते. ऑक्सिजन कमी असलेले रक्त निळे दाखवण्याची प्रथा आहे आणि त्यामुळे मुलांना रक्त खरोखरच निळे असते असे वाटू लागते. ते गडद लाल असते, निळा रंग ही केवळ ओळखीची खूण आहे, हे त्याच वेळी तोंडाने सांगावे. लाल आणि हिरव्या रंगातील फरकावर मात्र कोणतीही गोष्ट अवलंबून ठेवू नये, कारण हा फरक न दिसणारे एखादे मूल वर्गात असू शकते.

देवनागरीच्या बाबतीत इंग्रजी स्लाइडचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार येत असल्याने ओळींमध्ये अधिक अंतर लागते. फार ठळक टंकात ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे लांबून भरून गेल्यासारखी दिसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत केलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडल्यावर अक्षरांचा काला होतो. म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड टंक वापरावा आणि पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी, मात्र तिच्यात बाणांचे ॲनिमेशन चालत नाही हे लक्षात असू द्यावे.

अक्षर केवढे असावे हे घरीच तपासता येते. पडदा दीड मीटर रुंद आणि शेवटचा बाक साडेसात मीटरवर असेल, तर ते अंतर रुंदीच्या पाचपट झाले. म्हणजे तीस सेंटिमीटर रुंदीच्या लॅपटॉपपासून दीड मीटर दूर उभे राहून जे वाचता येत नाही, ते मागच्या बाकावरच्या मुलालाही वाचता येणार नाही. आपल्याकडील बहुतेक वर्गांत पुरेसा अंधार होत नाही, त्यामुळे पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवणेच योग्य.

उतरवण्याच्या सवयीवर केवळ मांडणीने उपाय होत नाही. वहीत काय लिहायचे आणि केव्हा लिहायचे, हे मुलांना आधी सांगावे. चर्चा सुरू करताना, पॉवरपॉइंट असेल तर, बी अक्षराची कळ दाबावी. पडदा काळा होतो, मुले शिक्षकाकडे पाहू लागतात आणि तीच कळ पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. तासाची शेवटची दहा मिनिटे मात्र राखून ठेवावीत. तेव्हा नावे आणि बाण काढून टाकलेली हृदयाची आकृती दाखवावी आणि मुलांना ती वहीत काढून रक्ताचा मार्ग स्वतः भरू द्यावा. वर्गात फिरताना बहुतेक वह्यांत बाण एकाच ठिकाणी चुकलेला आढळला, आणि फुप्फुस धमनीपाशी तो अनेकदा चुकतो, तर पुढच्या तुकडीत जाण्यापूर्वी त्या टप्प्याची एक स्वतंत्र स्लाइड करावी.